तेहतीस इमारतींच्या जागी उगवलेले रान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात ‘घरांचा प्रश्न’ या विषयावर केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा.)

घरांच्या प्रश्नावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, तेव्हा किती घरांची टंचाई आहे, कोणत्या योजनेत किती गाळे मंजूर झाले आणि किती प्रत्यक्षात उभे राहिले, असा हिशेब मी मांडीन अशी आपली अपेक्षा असणार. तो हिशेब आवश्यकच आहे. परंतु आज मी आपल्याला एका पायी फेरीवर नेणार आहे. ही फेरी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, सेंट लुईस या शहरात झाली. तेथे पाहण्यासारखे म्हणाल तर एक रान आहे, आणि त्या रानाखाली एक वसाहत गाडलेली आहे.

तेथे जाण्याचे कारण सांगतो. नगरपालिकेने वा सरकारने श्रमिकांसाठी भाड्याची घरे बांधावीत अशी मागणी आपण जेव्हा जेव्हा करतो, तेव्हा सभेत एखादा तरी शिकलासवरलेला गृहस्थ उठतो आणि म्हणतो, “सरकारने बांधलेल्या घरांचे काय होते ते जगाने पाहिले आहे.” या विधानाच्या पुराव्यादाखल वास्तुशास्त्राच्या पुस्तकांतून एक छायाचित्र हटकून छापलेले असते. एक अकरा मजली इमारत सुरुंगाने उडविली जात असून तिचा अर्धा भाग धुळीच्या लोटात कोसळत आहे, असे ते छायाचित्र. त्या वसाहतीचे नाव प्रुइट-आयगो. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने त्या देशात काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा मी मनाशी ठरविले की ज्या जागेचा दाखला आपल्या तोंडावर इतक्या वेळा फेकला गेला, ती जागा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

आम्ही दहा-बारा जण होतो. वाट दाखविणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे, कृष्णवर्णीय, हातात काठी आणि पायात जाड बूट. त्यांचे बालपण याच वसाहतीत गेले होते. कॅस मार्गाच्या कडेने आम्ही आत शिरलो आणि पन्नास पावलांतच शहर दिसेनासे झाले. ओक आणि हिकरीची झाडे, खाली गुडघाभर झुडपे, मधूनच कोणी आणून टाकलेला राडारोडा. पायाखाली अवचित पदपथाची दगडी कड लागे. ती दहा-वीस फूट जाई आणि मातीत लुप्त होई. एके ठिकाणी पाचोळ्यातून गटाराचे लोखंडी झाकण वर आलेले होते. ते गृहस्थ काठीने त्यावर ठोकून म्हणाले, “हा रस्ता होता. येथे आम्ही चेंडू खेळत असू.” एवढी एक खूण सोडली, तर तेथे कधी रस्ता होता यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

रानाच्या मध्यावर विजेचे एक जुने उपकेंद्र उभे आहे. वसाहतीच्या काळातील जमिनीवर उरलेली एवढीच काय ती मोठी वास्तू. तिच्याशेजारी थांबून त्यांनी आम्हाला वसाहतीचा आकार समजावून दिला. ५७ एकर जमीन. त्यावर अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती. एकंदर २,८७० घरे. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये केंद्र सरकारचा पैसा मिळाला, डेसोटो-कार नावाची जुनी, दाटीवाटीची वस्ती पाडून जागा मोकळी करण्यात आली, आणि १९५४ पासून कुटुंबे राहावयास येऊ लागली. निम्म्या भागाला वेन्डेल प्रुइट या दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय वैमानिकाचे नाव, उरलेल्या निम्म्या भागाला विल्यम आयगो या गौरवर्णीय माजी संसद-सदस्याचे नाव. नावे अशी वाटून देण्यात अर्थ होता. प्रुइट काळ्यांसाठी आणि आयगो गोऱ्यांसाठी, अशी ही सरकारी योजना मुळात वर्णभेदावर आखलेली होती. ती आखणी १९५५ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरविली. त्यानंतर गोरी कुटुंबे हळूहळू निघून गेली आणि वसाहत जवळजवळ संपूर्णपणे कृष्णवर्णीयांची झाली.

त्या गृहस्थांचे कुटुंब आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. जुन्या वस्तीत संडास अंगणात होता, पाणी बाहेरून भरावे लागे. येथे घरातच नळ, नळाला गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर, खिडकीतून उजेड. “पहिल्या रात्री माझी आई दिवे घालवीना,” ते सांगत होते. मग त्यांनी उपकेंद्राच्या भिंतीपासून पावले मोजीत आम्हाला एका जागी नेले, काठी वर केली आणि झाडांच्या शेंड्यांकडे रोखून म्हणाले, “आमचे घर तेथे होते. सहाव्या मजल्यावर.” आम्ही सर्वांनी माना वर केल्या. तेथे फांद्या होत्या आणि आभाळ होते. जमिनीवर दाखविता येईल अशी त्यांच्या घराची कोणतीही खूण उरलेली नव्हती.

साथींनो, १९५७ साली या वसाहतीतील ९१ टक्के घरे भरलेली होती. १९७१ साली केवळ सहाशे माणसे सतरा इमारतींतून राहत होती आणि उरलेल्या सोळा इमारतींना फळ्या ठोकलेल्या होत्या. चौदा वर्षांत हे कसे झाले, हा खरा प्रश्न आहे. ‘गरिबांना चांगल्या घरात राहता येत नाही’ या उत्तरावर जे समाधान मानतात त्यांना पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. आपल्याला ती आहे.

पहिली गोष्ट बांधकामाची. वास्तुशिल्पी होते मिनोरू यामासाकी. न्यूयॉर्कचे जे जोड मनोरे २००१ साली उद्ध्वस्त झाले, ते पुढे याच गृहस्थांनी रचले. त्यांच्या मूळ आराखड्यात उंच इमारतींबरोबर बैठ्या आणि मध्यम उंचीच्या इमारतीही होत्या. केंद्रातील अधिकाऱ्यांनी खर्चाच्या मर्यादेवर बोट ठेवले आणि सरसकट अकरा मजले करावयास लावले. त्यानंतर एकेक गोष्ट छाटली गेली. तळमजल्यावरची सार्वजनिक शौचालये गेली, बागबगीचा गेला, वाफेच्या नळ्यांवरील आवरण गेले. दारांच्या कड्या आणि कुलपे इतक्या हलक्या प्रतीची बसविली की ती लवकरच निकामी झाली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे; ती पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबे आणि तेथून जिन्याने वर वा खाली जावयाचे. सहाव्या मजल्यावरच्या त्या माउलीला सामानाच्या पिशव्या घेऊन सातव्यावर उतरावे लागे आणि अंधाऱ्या जिन्याने एक मजला खाली यावे लागे. पुढे त्याच जिन्यांत बायकांना लुटले जाऊ लागले. खर्चात बचत करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या जिन्यातून कधी जावे लागले नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती आपण लक्षपूर्वक ऐकावी अशी माझी विनंती आहे. इमारती बांधण्याचा पैसा केंद्र सरकारने दिला. त्या राखण्याचा पैसा मात्र कोणीही दिला नाही. कायद्याची रचनाच अशी होती की लिफ्ट, जिन्यातील दिवे, बाष्पके, फुटलेल्या काचा, सफाई आणि पहारा या साऱ्यांचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघावा. याचा अर्थ असा की नगराची सर्वांत गरीब माणसे नगराच्या सर्वांत मोठ्या वसाहतीची देखभाल आपल्या मजुरीतून करणार! सरकारी घरे म्हणजे समाजवाद, असा ओरडा करून स्थावर मालमत्तेच्या व्यापाऱ्यांनी १९४९ च्या कायद्याला कडाडून विरोध केला होता. कायदा झाला तरी त्याच्या पायात अशा बेड्या राहिल्या की त्याला धावता येऊ नये.

सगळी घरे भरलेली असती आणि भाडेकरूंना नियमित काम असते तर कदाचित हा हिशेब काही काळ जुळला असता. परंतु सेंट लुईस शहरच रिकामे होत चालले होते. १९५० साली त्याची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. १९७० साली ती ६,२२,२३६ वर आली आणि २०२० च्या शिरगणतीत ३,०१,५७८ उरली. कारखाने उपनगरांकडे गेले, त्यांच्यामागे गोरा मध्यमवर्ग गेला. हे स्थलांतर आपोआप झाले असे समजू नका. उपनगरातील घराच्या कर्जाला केंद्र सरकार हमी देत होते, त्या कर्जाच्या व्याजावर करात सवलत देत होते, आणि १९५६ च्या कायद्याने तेथवर पोचणारे महामार्ग सरकारी पैशाने बांधले जात होते. या हमीचा लाभ कृष्णवर्णीयांना जवळजवळ मिळतच नव्हता. तात्पर्य, सरकारने घरांसाठी मदत दोघांनाही केली. गोऱ्या मध्यमवर्गाला केलेली मदत दरसाल चालू राहिली आणि तिला कोणी मदत म्हटले नाही. काळ्या श्रमिकाला केलेली मदत एकदाच झाली आणि तिचे उपकार मात्र जन्मभर ऐकविले गेले.

मग चक्र फिरू लागले. कामे गेली, भाडे थकले. भाडे थकले म्हणून दुरुस्ती थांबली. दुरुस्ती थांबली म्हणून ज्यांना शक्य होते ती कुटुंबे निघून गेली. रिकाम्या घरांचे भाडे बुडाले म्हणून उरलेल्यांचे भाडे वाढविण्यात आले. ज्या घरात माणूस नाही तेथे काच फुटते, फुटलेल्या काचेतून थंडी आत येते, थंडीने नळ गोठतो आणि तडकतो. १९७० च्या हिवाळ्यात असेच नळ फुटून जिन्यांतून पाणी वाहिले आणि त्याचा बर्फ झाला. ते गृहस्थ म्हणाले, “इमारत मेली ती सुरुंगाने मेली असे लोक समजतात. ती एका नळाने मेली. तो नळ दुरुस्त करण्यास कोणी आले नाही.”

या वसाहतीतील गुन्हेगारी मी झाकून ठेवू इच्छित नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत तेथे टोळ्या होत्या, मादक द्रव्ये होती, खून होत होते. अग्निशामक गाड्यांवर दगडफेक होई आणि पोलीस यावयास नाखूष असत. आमच्या वाटाड्यांच्या थोरल्या भावाचा जीव तेथेच गेला, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले आणि ते पुढे चालू लागले. जो कार्यकर्ता गरिबांच्या वस्तीतील हिंसेकडे डोळेझाक करतो, त्याच्यावर गरीबच प्रथम अविश्वास दाखवितात. परंतु त्या हिंसेची मुळे शोधताना आणखी एक सरकारी नियम ध्यानात घ्यावा लागतो. मुलांसाठी सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबात धडधाकट पुरुष असता कामा नये, असा तो नियम होता. बाप घरात असेल तर साहाय्य बंद. तेव्हा बापाने घर सोडावे, अथवा रात्री चोरासारखे यावे. अशा नियमांना सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये लगाम घातला. तोवर मुलांची एक पिढी मोठी होऊन गेली होती. सरकारने स्वतःच्या हाताने घरातून बाप बाहेर काढला आणि नंतर त्याच सरकारचे पंडित या मुलांना वळण लावण्यास घरात कोणी नव्हते म्हणून खेद करू लागले!

याच वसाहतीविषयीची आणखी एक हकिकत येथे सांगितलीच पाहिजे. शीतयुद्धाच्या काळात, १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत, अमेरिकन सैन्याने सेंट लुईसच्या गरीब वस्त्यांवर झिंक कॅडमियम सल्फाइड या रसायनाचा फवारा मारून वारा विषारी कण कसे वाहून नेतो याचे प्रयोग केले. प्रुइट-आयगो त्या वस्त्यांपैकी एक होती. रहिवाशांना विचारण्यात आले नाही. ही गोष्ट १९९० च्या दशकात उघड झाली. ज्या माणसांना नळ दुरुस्त करून मिळत नव्हता, त्यांच्या डोक्यावर धूर सोडण्यासाठी मात्र यंत्रसामग्री वेळेवर पोचत होती.

रानाच्या दुसऱ्या टोकाला, आता जेथे शाळेच्या इमारती आहेत त्या बाजूस, आम्ही एका पडलेल्या ओंडक्यावर बसलो आणि त्या गृहस्थांनी भाडेबंदीची हकिकत सांगितली. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांतून ही हकिकत सहसा गाळलेली असते; आपल्या दृष्टीने तोच त्या फेरीचा गाभा होता.

लागोपाठच्या भाडेवाढींनी काही कुटुंबांच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग भाड्यातच जाऊ लागला होता. फेब्रुवारी १९६९ मध्ये शहरातील सार्वजनिक वसाहतींच्या भाडेकरूंनी भाडे देण्याचे बंद केले. पुढाकार बहुतांशी स्त्रियांचा होता. धुणी धुणाऱ्या, स्वयंपाकाची कामे करणाऱ्या, मुले एकटीने वाढविणाऱ्या या स्त्रिया. भाडे गृहनिर्माण प्राधिकरणाला न देता संघटनेपाशी जमा करावयाचे, असे ठरले. आमच्या वाटाड्यांची आई आपल्या इमारतीतील दारे वाजवीत फिरे. आणि लिफ्ट बंद असल्यामुळे हे फिरणे म्हणजे दर संध्याकाळी अकरा मजल्यांची चढण. मागण्या साध्या होत्या. भाडे मिळकतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असू नये, दुरुस्ती व्हावी, आणि कारभारात भाडेकरूंचे प्रतिनिधी असावेत. नऊ महिने बंदी टिकली. प्राधिकरण दिवाळखोरीच्या काठावर आले. धर्मगुरू आणि कामगार संघटनांचे पुढारी मध्यस्थीला आले आणि ऑक्टोबरमध्ये तडजोड होऊन मुख्य मागण्या मान्य झाल्या.

त्याच वर्षअखेरीस अमेरिकन संसदेने सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर केली. सार्वजनिक घरांचे भाडे कुटुंबाच्या मिळकतीच्या २५ टक्क्यांहून अधिक असू नये, हे तत्त्व त्या दुरुस्तीने साऱ्या देशाला लागू झाले. ही मर्यादा १९८१ मध्ये ३० टक्के करण्यात आली हे खरे. पण तत्त्व टिकले. ज्या वसाहतीचे नाव ‘अपयश’ या शब्दाचा पर्याय म्हणून वापरले जाते, त्या वसाहतीतील आणि तिच्या शेजारच्या बायकांनी देशभरातील लाखो भाडेकरूंच्या भाड्याला कायद्याचे कुंपण घालण्यास हातभार लावला. हे यश कोणाच्या खात्यावर मांडावयाचे?

त्यांच्या स्वतःच्या इमारती मात्र त्यामुळे वाचल्या नाहीत. भाड्याला मर्यादा आली, परंतु भाड्यातील तूट भरून काढणारे केंद्राचे अनुदान अपुरे आणि उशिरा आले. १६ मार्च १९७२ रोजी पहिली इमारत सुरुंगाने पाडण्यात आली. तो स्फोट दूरचित्रवाणीवरून देशाने पाहिला. १९७६ पर्यंत तेहतीसही इमारती भुईसपाट झाल्या. पुढल्याच वर्षी चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू प्रुइट-आयगोच्या स्फोटाबरोबर झाला असे लिहिले आणि त्या मृत्यूची तारीख आणि वेळ मिनिटासह देऊन टाकली. या वसाहतीला वास्तुशिल्पींच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले होते, असेही अनेकांनी छापले. वस्तुतः असे पारितोषिक तिला कधीही मिळालेले नव्हते. कॅथरीन ब्रिस्टल या अभ्यासिकेने १९९१ मध्ये या साऱ्या दंतकथेची छाननी केली, आणि २०११ साली चॅड फ्रीड्रिक्स यांनी तिच्यावर अनुबोधपट काढला, तेव्हा कोठे रहिवाशांची बाजू लोकांसमोर आली. तोवर काम फत्ते झाले होते. दोष इमारतीचा किंवा दोष गरिबांचा, एवढ्यातच चर्चा फिरत राहिली. अंदाजपत्रकाचा दोष कोणी काढलाच नाही.

आपल्यापैकी कोणी विचारील की रचनेचा दोष काहीच नव्हता काय? होता. ऑस्कर न्यूमन यांनी रस्त्यापलीकडील कार स्क्वेअर या बैठ्या वसाहतीकडे बोट दाखविले. तेथेही तशीच गरीब कुटुंबे राहत होती आणि ती वसाहत नीट चालली होती. लहान इमारतीत माणसे एकमेकांना ओळखतात, जिन्यावर लक्ष ठेवतात, हे न्यूमन यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्याच शहरात कोक्रन गार्डन्स नावाची उंच इमारतींची सरकारी वसाहतही होती. तिची अवस्था अशीच दयनीय झालेली असताना १९७६ मध्ये बर्था गिल्की यांच्या नेतृत्वाखाली भाडेकरूंनी तिचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पुढे अनेक वर्षे ती राहण्याजोगी राखली. याचा अर्थ उंचीचा दोष माणसांच्या हाती अधिकार आणि पैसा देऊन पुष्कळसा भरून काढता येतो.

आणि ज्यांना ‘सरकारी घर’ या शब्दांचाच विटाळ आहे, त्यांना व्हिएन्ना दाखवावे. तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये श्रीमंतांच्या प्रासादांवर चढत्या दराने घरबांधणीचा कर बसविला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. त्यांपैकी कार्ल मार्क्स-होफ ही इमारत एक किलोमीटरहून लांब आहे आणि तीत बांधली तेव्हा १,३८२ घरे होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये हुकूमशाही सरकारने तिच्यावर तोफा डागल्या. ती तोफांनीही पडली नाही. आजही तेथे लोक राहतात, पाळणाघरे आणि धुलाईघरे सांभाळून असलेली ती वास्तू आजही नगरपालिकेच्याच मालकीची आहे. व्हिएन्नाची नगरपालिका आजमितीस सुमारे २,२०,००० घरांची मालक आहे. ती घरे सरकारीच आहेत. फरक एवढाच की व्हिएन्नाने घरे बांधून हात झटकले नाहीत.

आता आपल्या घराकडे वळतो. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ पासून राबविली गेली आणि बैठ्या वस्त्यांच्या जागी सात-सात, चौदा-चौदा आणि त्याहूनही उंच इमारती उभ्या राहिल्या. ताबा देण्याच्या दिवशी मंडप असतो, हार असतात, आपलेही काही पुढारी व्यासपीठावर असतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याच इमारतीत जाऊन पाहा. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप जळालेला, जिन्यात दिवा नाही. आणि घरकाम करणाऱ्या बाईने दरमहा देखभालीची वर्गणी कोठून द्यावी याचे उत्तर कोणापाशी नाही. माहुलला तर तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. तेथील हवा माणसाने राहण्यासारखी नाही हे त्यांनी वर्षानुवर्षे ओरडून सांगितले, तेव्हा २०१९ साली उच्च न्यायालयाला त्यांच्या बाजूने हस्तक्षेप करावा लागला. सेंट लुईसच्या रानात उभे असताना मला ही सारी ठिकाणे डोळ्यांपुढे दिसत होती.

याबाबत दोष केवळ सरकारला देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपली चळवळ घरे मोजते. किती गाळे मिळविले याचा अहवाल आपण अधिवेशनात वाचतो. पण मिळविलेल्या घरांत लिफ्ट चालू आहे काय, हे पाहणारी एकही समिती आपल्या शाखांपाशी नाही. म्हणून मी तीन गोष्टी सुचवितो. घराच्या प्रत्येक मागणीबरोबर त्याच्या देखभालीसाठी शासनाच्या वा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कायम तरतूद असावी ही मागणी जोडलेली असलीच पाहिजे, आणि ती तरतूद श्रीमंतांवरील करातून यावी. दुसरे, रहिवाशाने घरासाठी दरमहा द्यावयाची रक्कम, मग ती भाडे असो वा वर्गणी, त्याच्या मिळकतीच्या ठरावीक हिश्श्याहून अधिक नसावी. आणि तिसरे, प्रत्येक वसाहतीच्या कारभारात रहिवाशांना, विशेषतः स्त्रियांना, निर्णयाचा अधिकार असावा. नुसता तक्रारवहीत सही करण्याचा नव्हे. यांतील दोन मागण्या १९६९ साली त्या स्त्रियांनी केलेल्याच आहेत. आपल्याला त्यांत फारशी भर घालावी लागत नाही.

फेरी संपवून आम्ही पुन्हा कॅस मार्गावर आलो. समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोठमोठी यंत्रे काम करीत होती. अमेरिकन गुप्तवार्ता खात्याच्या नकाशा-संस्थेसाठी तेथे सुमारे ९७ एकरांवर नवे मुख्यालय बांधले जात होते. त्यासाठीही जुनी घरे ताब्यात घेऊन पाडण्यात आली होती. दीडशे कोटी डॉलर्सहून अधिक खर्चाचे ते काम २०२५ मध्ये पूर्ण झाले. आमच्यातील एका तरुणाने विचारले, “तेथल्या लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतील ना?” ते वृद्ध गृहस्थ हसले नाहीत. बुटांना लागलेली माती काठीने खरवडीत ते म्हणाले, “थांबतील. आणि बंद पडल्या तर त्याच दिवशी दुरुस्तही होतील. पैसा नव्हता असे आम्हाला सांगत आले, ते कधीच खरे नव्हते.”

साथींनो, पुढच्या वेळी सभेत कोणी ते छायाचित्र दाखवील, तेव्हा आपण गप्प बसू नये. त्या इमारतीच्या नळाचे पैसे कोणी द्यावयाचे होते, एवढाच प्रश्न त्याला विचारावा. आणि आपल्या तालुक्यात, आपल्या प्रभागात जी वसाहत यंदा उभी राहील, तिचा ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन रहिवाशांची पहिली बैठक घ्यावी. हारतुरे आदल्या दिवशी झालेले असतील. आपले काम त्या बैठकीपासून सुरू होते.